रात्री चारदा उठणं म्हणजे नुसतं वय नव्हे

*पत्र :* डॉक्टरसाहेब, आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहतो. आमच्या मालकांचं वय ६२. घरची पिठाची गिरणी आहे, थोडी शेती आहे. दीड-दोन वर्षं झाली, रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. मोरी परसात आहे. श्रावणात शेवाळावरून पाय घसरून पडले, मनगटाला प्लॅस्टर घालावं लागलं. धार बारीक झालीय म्हणतात. पण दवाखान्याचं नाव काढलं की 'वय झालं, सगळ्यांचं असंच असतंय' म्हणून विषय बंद. आता दिवसा पाणीच पीत नाहीत. लग्नकार्याला किंवा सौंदत्तीला यल्लम्माला बसनं जायचं म्हटलं तरी नको म्हणतात. रात्री साडेनऊला गिरणी बंद करून येतात, जेवतात, वर दोन तांबे ताक-पाणी पितात आणि लगेच आडवे होतात. बीपीची गोळी आहे, ती रात्रीच घेतात. संध्याकाळी पायाला सूज दिसते. तंबाखू आहे. एका प्रदर्शनातून १,८०० रुपयांचं चूर्ण आणलंय, तीन महिन्यांत फरक नाही. माझ्या मोठ्या दिरांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून मला झोप नाही. यांनाही तेच असेल का? खायला काय घालू, काय बंद करू? आणि हे ऐकत नाहीत, त्याचं काय करू?

ताई,

तुमची झोप ज्या भीतीनं उडालीय तिथूनच सुरुवात करतो. रात्री वारंवार उठावं लागणं, धार बारीक होणं, झाल्यावरही थेंब पडत राहणं, या तक्रारी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. वयानं प्रोस्टेट वाढते, त्याच्या असतात. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत ही वाढ सुरू झालेली असते, ऐंशीच्या पुढं दहातल्या आठ-नऊ जणांत. आणि ही साधी वाढ पुढं कॅन्सरमध्ये बदलत नाही. पण तुमच्यापासून एक गोष्ट लपवणार नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. त्यामुळं 'त्रास आहे का' एवढं विचारून त्याचा अंदाज लागत नाही. तुमच्या दिरांमुळं मालकांची एक रक्ततपासणी करून घ्यावी लागेल. तिच्याबद्दल पुढं सांगतो.

प्रोस्टेट म्हणजे अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची पिशवी जिथं संपते तिथं खाली ती असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वीर्यातलं बरंचसं पातळ द्रव्य ती तयार करते. पन्नाशीनंतर ती फुगायला लागली की मधली नळी आवळली जाते. उसाला पाणी पाजताना पाटाच्या तोंडाशी माती साचली तर पाणी येतं, पण जोर राहत नाही, तसंच हे. मग पिशवीला जास्त जोर लावावा लागतो. जोर लावून लावून तिची भिंत जाड आणि चिडखोर होते. थोडी भरली तरी कळ येते, आणि गेल्यावर पूर्ण रिकामी होत नाही.

हे तुमच्या मालकांना असणार, असं मला वाटतं. पण तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष प्रोस्टेटपेक्षा त्यांच्या सुजलेल्या पायांवर, रात्रीच्या गोळीवर आणि त्या दोन तांब्यांवर जास्त गेलं. रात्री उठणारा प्रत्येक पुरुष प्रोस्टेटमुळंच उठतो, हा समज लोकांत इतका पक्का झालाय की कित्येकांचं खरं कारण वर्षानुवर्षं सापडत नाही.

माझ्याकडं एक निवृत्त कंडक्टर यायचे. दोन वर्षं प्रोस्टेटच्या गोळ्या घेत होते, तरी रात्रीच्या चार खेपा काही सुटेनात. मी त्यांना घरी मोजायला लावलं. तीन दिवसांनी वहीचा कागद घेऊन आले. कंडक्टरचाच हात, आकडे एकाखाली एक, तिकिटाच्या हिशोबासारखे. रात्री ११.४० ला ३८०, दीडला ४००, साडेतीनला ४२०, पाचला ३५०. दिवसभरात मात्र सगळी मिळून जेमतेम ७०० मिली. आता ज्याची प्रोस्टेट नळी आवळून बसलीय, तो माणूस सहसा थोडी थोडी लघवी करतो, ८०, १०० किंवा १५०. यांची पिशवी तर दर खेपेला चांगली भरत होती. म्हणजे त्यांचं शरीर रात्रीच लघवी तयार करत होतं. मोजे काढायला लावले तर घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ. दिवसभर खुर्चीत बसून पायात उतरलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत यायचं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकायची. त्यांचं मीठ कमी केलं, संध्याकाळी तासभर पाय वर करून पडायला सांगितलं, गोळीची वेळ बदलली. खेपा चारावरून दीड-दोनवर आल्या.

तेव्हा ताई, दवाखान्यात जायच्या आधी हे काम तुम्ही करा. घरातला जुना प्लॅस्टिकचा मापाचा मग घ्या, नसेल तर मेडिकलमध्ये मिळतो. तीन दिवस आणि तीन रात्री, दर वेळी किती वाजले आणि किती मिली झाली ते लिहायचं. पाणी, चहा, ताक किती आणि कधी घेतलं तेही लिहायचं. कधी घाई झाली, कधी थोडी आधीच सुटली, तर त्यापुढं फुली मारायची. रात्रीची बेरीज करताना झोपल्यापासूनची सगळी धरायची आणि सकाळी उठल्यावरची पहिलीही त्यातच मिळवायची. या वयात ही बेरीज २४ तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आली, तर कारण प्रोस्टेटच्या बाहेर शोधायचं. पायाची सूज, मीठ, रात्रीचं पाणी, घोरणं, हृदय, मूत्रपिंडं, यातलं काहीतरी. घोरण्याचं नाव ऐकून नवल वाटेल, पण झोपेत ज्यांचा श्वास मध्ये मध्ये अडकतो, त्यांच्या हृदयातून असं एक द्रव्य सुटतं की मूत्रपिंडं रात्री जास्त लघवी बनवतात. मालक मोठ्यानं घोरत असतील, मध्येच गप्प होऊन दचकून उठत असतील, तर कागदावर तेही लिहा. आणि दिवसरात्रीची मिळून बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल तर आधी शुगर तपासा. शुगर तपासल्याचं तुम्ही पत्रात कुठंच लिहिलेलं नाही. ६२ वर्षांच्या, रात्री चारदा उठणाऱ्या माणसाची शुगर आठवड्याभरात तपासली गेली पाहिजे.

बीपीच्या गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. ती रात्री घेतली की झोपेचं खोबरं ठरलेलं. काही गोळ्यांनी, विशेषतः अ‍ॅम्लोडिपीननं, पायावर सूज येते. पण गोळी स्वतःहून बंद करू नका आणि वेळही स्वतः बदलू नका. 'ही सकाळी घेतली तर चालेल का' एवढं विचारा.

आता पाण्याचं. मालक दिवसा पाणी पीत नाहीत हे वाचून मला वाईट वाटलं, कारण अशी माणसं मी रोज बघतो. पाणी तोडलं की लघवी दाट, पिवळी जर्द होते. ती पिशवीला जास्त डिवचते, जळजळ होते, जंतुसंसर्ग आणि खड्याला वाट मिळते. त्याला आपल्याकडं 'उष्णता' म्हणतात आणि मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सुरू होतं. घ्या ते, हरकत नाही. पण मूळ उपाय साधा आहे. गिरणीत उकाडा असतो, पीठ नाकातोंडात जातं, तिथं दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी गेलंच पाहिजे. फक्त ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत संपवायचं. आता त्यांचं उलटं चाललंय. दिवसभर कोरडं आणि झोपताना दोन तांबे. झोपण्याच्या अडीच-तीन तास आधी पाणी थांबवायचं. ताक दुपारच्या जेवणात घ्या. गिरणी साडेनऊला बंद होते तर त्यांचा डबा आठला गिरणीत पाठवून बघा. गोळीपुरता घोटभर पाणी घ्यायला कुणाची ना नाही. एक अट आहे. डॉक्टरांनी हृदयासाठी किंवा मूत्रपिंडांसाठी पाणी मोजून सांगितलं असेल तर तेच पाळायचं.

चहा सकाळी दोनदा होऊ द्या, शेवटचा चार-पाचला. चहातलं कॅफीन लघवी वाढवतं आणि पिशवीला चाळवतं. दारूचं तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तिचंही तसंच, शिवाय तिच्या झोपेतून लघवीसाठी वेळेवर जाग येत नाही आणि पिशवी ताणली जाते.

मिठाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण आपल्या भागाचं जेवण मला माहीत आहे. भाकरीबरोबर खर्डा, ताटात लोणचं, पापड, सांडगी मिरची, दुपारी भडंग आणि खारे शेंगदाणे, ताकातही वरून मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा छोटा चमचाभर, सगळ्या स्वयंपाकातलं धरून. जपानमध्ये नागासाकीच्या डॉक्टरांनी ३०० हून अधिक जणांना मीठ कमी करायला लावलं. ज्यांनी ते खरंच कमी केलं त्यांच्या रात्रीच्या खेपा सरासरी २.३ वरून १.४ वर आल्या. गोळी नाही, ऑपरेशन नाही. एका दिवसात सगळं अळणी करू नका, ते ताट सरकवून देतील. पहिला आठवडा ताकातलं आणि भातावरचं मीठ बंद. दुसरा आठवडा पापड-लोणचं एक दिवसाआड. खर्डा असू द्या, त्यातलं मीठ निम्मं करा आणि लसूण वाढवा.

पोट साफ राहू द्या. आतड्याचा शेवटचा भाग भरून कडक झाला की तो समोरच्या पिशवीवर आणि प्रोस्टेटवर दाबतो, आणि त्यात कुंथायची सवय लागली की दोन्हीकडचं बिघडतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दुपारी रताळं. हे तुमच्या शिवारात पिकतंच. पोटाचा घेर सुटला असेल तर तोही उतरवायला हवा. रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालणाऱ्यांना हा त्रास कमी होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. गिरणीत दिवसभर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, त्यानं फक्त पाय सुजतात.

तंबाखूवर मी सावकाश लिहिणार आहे. निपाणीच्या माणसाला तंबाखूवरून बोलताना माझा हात जड होतो. त्या पानानं तुमच्याकडची घरं उभी केली, पोरं शिकवली. १९८१ साली त्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात जीव गेले. हे मी विसरलेलो नाही. पण मूत्राशयाच्या कॅन्सरमागचं सर्वांत मोठं एकच कारण विचाराल तर ते धूम्रपान आहे. साधारण निम्मे रुग्ण त्याच्यामुळं. विडीतलं विष रक्तात जातं, मूत्रपिंडं ते गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन् तास पिशवीच्या अस्तराला लागून राहते. प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्यांतही विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण जास्त असतं. मालक चुना लावून खातात की विडी ओढतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. खाण्याच्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, हे आपल्या प्रत्येक गावानं पाहिलंय. आणि निकोटीन कुठूनही आत गेलं तरी पिशवीला चिडवू शकतं. लघवीत एकदाही रक्त दिसलं, दुखलं नसलं तरी, आणि दुसऱ्या दिवशी आपोआप थांबलं तरी, त्यांना त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. न दुखता आलेलं रक्त लोक सोडून देतात, आणि नेमकं तेच सोडायचं नसतं.

चूर्ण बंद करा. १,८०० गेले ते गेले. पुडीवर आत काय आहे, किती आहे, हे लिहिलेलं नसेल तर ते बीपीच्या गोळीबरोबर काय करेल हे कुणीच सांगू शकत नाही. 'नैसर्गिक आहे, त्रास तर होणार नाही' हे वाक्य मी फार ऐकतो. म्हणून एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत २००१ पासून ३५,००० हून अधिक पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे बघायचं होतं. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये पुढचा हिशोब आला तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. इतकं निरुपद्रवी वाटणारं जीवनसत्त्व, तरीही. टोमॅटो, भोपळ्याच्या बिया घरात असतील तर जेवण म्हणून खुशाल खा. प्रोस्टेट बारीक होईल म्हणून त्यावर पैसा घालू नका.

आणि सर्दीच्या गोळ्या. हे मी मालकांच्या वयाच्या प्रत्येक घरात सांगतो, त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका रात्री, खानापूरकडच्या जंगलातल्या वाडीवरून एका माणसाला जीपमध्ये घालून आणलं होतं. अंगावर घोंगडं, घोंगड्यातून पाणी गळतंय, दोन्ही हात बेंबीखाली दाबून धरलेले. बसता येईना, झोपता येईना. संध्याकाळपासून थेंबही नव्हता. पोट गरोदर बाईसारखं वर आलेलं. शर्टाच्या खिशात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी, दोन दिवसांत सहा संपलेल्या. नळी घातली आणि पिशवीतून ११०० मिली लघवी निघाली. एरवी माणसाला ३००-४०० मिलीला उठावंसं वाटतं. ती निघत असताना त्या माणसानं माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि सोडतच नव्हता. प्रोस्टेट त्याची आधीच वाढलेली होती. धार दोन वर्षं बारीक होती, पण घरात कुणाला बोलला नव्हता. साध्या सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन असली औषधं असतात. पहिलं पिशवीचा जोर ढिला करतं, दुसरं तोंडाशी आवळतं. ज्याची वाट आधीच अरुंद आहे त्याची ती बंद पडू शकते. थंडीनंही तिथले स्नायू आवळतात, म्हणून पावसाळ्या-हिवाळ्यात हे जास्त. तेव्हा सर्दी झाली तर वाफ, मिठाच्या गुळण्या, आणि मेडिकलमध्ये गोळी मागताना 'प्रोस्टेट आहे' हे आधी सांगायचं. लघवी पूर्ण थांबली तर सकाळची वाट बघायची नाही. थंडी वाजून ताप आला तरी तेच. आणि रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं तर लाज धरून चादर बदलत बसू नका. भरून वाहणाऱ्या पिशवीचं ते लक्षण असू शकतं, त्यात मूत्रपिंडं खराब होतात.

ताई, आता पुढचं त्यांना वाचायला द्या. ते वाचत नसतील तर तुम्ही जेवणानंतर वाचून दाखवा.

दाजी, नमस्कार. तुम्ही म्हणता सगळ्यांचं असंच असतंय. बऱ्याच जणांचं असतं, हे खरं. मोतीबिंदूही बऱ्याच जणांना होतो, म्हणून कुणी आंधळं राहत नाही. तुम्ही लग्नं सोडली, यल्लम्मा सोडली, पाणी सोडलं. मोडलेलं मनगट भरून आलं. पुढच्या वेळी खुबा मोडला तर वर्ष जाईल. एवढं सगळं सोसताय ते कशासाठी, याचा मी अंदाज करतो, चुकलो तर माफ करा. एक तर बोटानं तपासतील याची लाज. दुसरं, तुमच्या भावाला जे निघालं तेच निघेल ही भीती. तिसरं, औषधानं किंवा ऑपरेशननं पुरुषपण जाईल, असं कट्ट्यावर ऐकलेलं.

बोटाची तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. हातमोजा, थोडं वंगण, कुशीवर झोपायचं. प्रोस्टेट मऊ आहे की कडक, गाठी आहेत का, एवढं डॉक्टर बघतात. लाज वाटते, मान्य आहे. पण तुमच्या आधी सकाळपासून दहा जण तिथूनच गेलेले असतात.

भावाचं म्हणाल तर सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे नक्की, असं नव्हे. पण पीएसए नावाची रक्ततपासणी तुम्ही करून घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. हा आकडा वाढलेला आला म्हणजे कॅन्सरच, असंही धरायचं नाही. साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली नळी, यांनीही तो वाढतो. तपासणीच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि लांबची सायकल टाळा. लघवीला जळजळ-ताप असेल तर आधी तो बरा होऊ द्या. आकडा संशयाचा असेल तर पुन्हा तपासतात, गरज वाटली तर एमआरआय करतात, लागला तर तुकडा काढून बघतात. प्रोस्टेटचे कित्येक कॅन्सर इतके हळू वाढतात की डॉक्टर नुसती नजर ठेवतात. तुमच्या मुलांनाही सांगून ठेवा. काकाला झाला म्हणून घाबरायचं नाही, पण पंचेचाळिशीत डॉक्टरांशी याबद्दल एकदा बोलायचं.

औषधं दोन तऱ्हेची. टॅम्सुलोसिनसारखी गोळी पिशवीच्या तोंडाशी आवळलेले स्नायू सैल करते, काही दिवसांत फरक कळतो. ती सुरू झाल्यावर एकदम उठून उभं राहायचं नाही, चक्कर येते. आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायचं. वीर्य कमी पडतं किंवा पडत नाही, त्यानं अपाय होत नाही. पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी घेतो, किंवा पूर्वी घेत होतो, हे सांगायचंच. तिच्यानं डोळ्याची बाहुली ऑपरेशनमध्ये त्रास देते. दुसरी गोळी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड. ती ग्रंथी आकारानं कमी करते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. काहींची इच्छा कमी होते, तसं झालं तर मोकळेपणानं सांगा, बदल करता येतो. ती गोळी पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर आणते, म्हणून रक्त तपासताना ती चालू असल्याचं सांगा. ऑपरेशन लागलंच तर आता सहसा पोट कापत नाहीत, लघवीच्या वाटेनंच दुर्बिण घालून आतला भाग काढतात. त्यानंतर वीर्य बहुतेकांत मागं पिशवीत जातं. ताठरपणा बहुतेकांचा होता तसाच राहतो. मनात हा प्रश्न असेल तर डॉक्टरांना तो तोंडानं विचारा. बायकोला बाहेर बसवून विचारा, पण विचारा.

तोवर दोन सवयी लावून घ्या. लघवी झाल्यावर लगेच उठायचं नाही. अर्धा मिनिट थांबायचं, थोडं पुढं वाकायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. उरलेली बरीच निघते. उभं राहून करण्यापेक्षा बसून केली तर पिशवी जास्त रिकामी होते. आणि झाल्यावर विजारीत थेंब पडतात त्यासाठी वृषणांच्या मागं बोटांनी हलकं दाबून पुढं सारत आणायचं, नळीत अडकलेले थेंब तिथंच बाहेर येतात.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडची कित्येक माणसं सरकारी दवाखान्यात जाऊन 'पोटात दुखतंय' एवढंच सांगून परत येतात. समोर डॉक्टर कन्नड बोलणारे, मागं रांग, नर्सबाई उभ्या, आणि लघवीचं कन्नडमध्ये कसं सांगायचं हे सुचत नाही. दाजी, आपली पोरं शाळेत 'एकीला' म्हणतात, तशी कन्नड पोरं 'ओंदक्के' म्हणतात. अर्थ तोच, 'एकाला'. तो एक शब्द आणि ताईंनी लिहिलेला कागद समोर ठेवा. कागदावर आकडे इंग्रजी काढा, रात्रीच्या खेपांखाली रेघ मारा. डॉक्टर कुठल्याही भाषेचे असोत, त्या कागदावरून त्यांना हवं ते कळेल.

ताई, जायचं कुठं ते तुम्ही ठरवा. तुम्हाला कोल्हापूर जवळ, बेळगावचं सिव्हिलही आहे. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. त्यासाठी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून चिठ्ठी घ्यावी लागते, म्हणून परस्पर खासगीत दाखल होऊ नका. नेहमीच्या गोळ्या जनऔषधी दुकानात बऱ्याच स्वस्त पडतात.

परसात मोरीपर्यंत दिवा लावून घ्या आणि शेवाळ खरवडून टाका. पावसाळ्यापुरतं खाटेजवळ झाकणाचं भांडं ठेवलं तर त्यात कमीपणा नाही.

जाताना पिशवीत तीन दिवसांचा कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, राहिलेलं चूर्ण आणि दिरांचे रिपोर्ट घाला. सोनोग्राफीला पिशवी भरलेली लागते, आणि नंतर लघवी करून आत किती उरली तेही बघतात. मालकांना बसचीच भीती आहे, म्हणून निघताना घरी पाणी पाजू नका. सकाळी नेहमीसारखं जाऊन येऊ दे. पाण्याची बाटली तुमच्याजवळ ठेवा आणि दवाखान्यात नंबर लावून झाला की मग द्या.